दोघं राबतात, चौघं बसून

वॉर्डात पाऊल टाकलं की तिसऱ्या मिनिटाला मला कळतं, कोण काम करतंय आणि कोण कामाचं सोंग करतंय, असं मेट्रनबाई छातीठोकपणे सांगायच्या. त्यात फुशारकी फार नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात नर्सेसचे ड्यूटी चार्ट बनवले होते. कुणाच्या वाट्याला एक पाळी जास्त आली नाही की कुणाला एक कमी पडली नाही. निवृत्तीला दोन वर्षं उलटली तरी सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमानसुद्धा, काही कबुली द्यायची असली की, याच नावाने सुरुवात करत.

तर अशा बाईंच्या घरी मुलीचा जुना कॉम्प्युटर आला. जुना आपला नावाला; अंगापिंडाने धट्टाकट्टा, चांगला सहा कोरचा. कोर म्हणजे काय, ते मुलीने फोनवर समजावलं. कॉम्प्युटरच्या मेंदूत सहा कामकरी बसलेत असं समज, म्हणाली. मेट्रनबाईंना हे चटकन पटलं. मग मुलीने एक सॉफ्टवेअर सुचवलं. एक संशोधन संस्था आपल्या प्रचंड गणिताचे तुकडे करून ते लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर सोडवायला पाठवते. तुझा कॉम्प्युटर नाहीतरी दिवसभर रिकामाच असतो, त्याला लाव कामाला.

गणित होतं स्नायू झिजवणाऱ्या एका आजाराच्या औषधाचं. ते ऐकून मेट्रनबाईंना एक जुना पेशंट आठवला. त्यांच्या वॉर्डात या आजाराचा एक शिंपी सात महिने होता. कात्री उचलायचं बळ उरलं नव्हतं, तरी येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला सांगायचा, तुझ्या युनिफॉर्मची बाही तिरकी कापलीय. त्या दुपारीच त्यांनी चष्मा लावला, सॉफ्टवेअर घातलं, विचारलेल्या प्रश्नांना नीट वाचून उत्तरं दिली, आणि गणिताचे दोन तुकडे घरी आले. अकरा दिवसांचं काम. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचवायचं.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग सोमवारी त्यांना स्क्रीनवर ती खिडकी सापडली, ज्यात कुठला कोर किती काम करतो ते दिसतं. सहा चौकोन, प्रत्येकात एक रेघ. पहिल्या दोन चौकोनांत रेघ छताला टेकलेली, शंभर टक्के. उरलेल्या चारांत रेघ जमिनीवर लोळत पडलेली. मधूनच चार-पाच टक्के उचलायची, कूस बदलल्यासारखी, आणि पुन्हा आडवी.

असला चार्ट मेट्रनबाईंनी उभ्या जन्मात कुणाला लावू दिला नव्हता. मंगळवारी सकाळी पाहिलं, तेच. दुपारी पाहिलं, तेच. यजमानांना बोलावून दाखवलं. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच पाहिलं आणि म्हणाले, छान आहे. तेव्हा बाईंनी मुलीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, म्हणून त्यांनी निरोप बोलून ठेवला. आणि त्यांची निरोप बोलायची पद्धत म्हणजे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या पेशंटलाही ऐकू जाईल अशी.

"हे बघ, इथे दोघंच मरमर मरतायत," त्या म्हणाल्या. "बाकीचे चौघं नुसते बसून आहेत. कालपासून बघतेय मी. मधूनच जरा हलल्यासारखं करतात, की पुन्हा आडवे. मला हे असलं चालायचं नाही. उद्या सगळ्यांना कामाला लावते. गरम होतील म्हणतात, होऊ देत. आणि तरी नाही ऐकलं, तर एकेकाला बंद करून टाकते."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात त्या वेळी पाहुणे होते. मेट्रनबाईंची मोठी नणंद, म्हणजे वन्सं. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं घर दाजी म्हणायचं. त्यांचा मुलगा आणि सून. त्यांच्या घरी नळाचे पाइप बदलायला जमीन खणली होती, म्हणून चौघंही इकडे आले होते. नीट मोजून चौघं. आणि जेवण करून शेजारच्या खोलीत, दार लोटून, आडवे झाले होते.

त्या खोलीत पुढे काय झालं ते नंतर सुनेने सांगितलं. कुणी पाच मिनिटं श्वासही मोठ्याने घेतला नाही. मग वन्सं उठून बसल्या. मग दाजी. मुलगा म्हणाला, आपण हॉटेलात जाऊ. वन्सं म्हणाल्या, असं तोंड लपवून जायचं नाही, काम करून दाखवायचं. फक्त 'एकेकाला बंद करणार' म्हणजे नेमकं काय करणार, हे कुणालाच उमगेना. दाजींनी मात्र खिडकीची कडी उघडते का, ते एकदा पाहून घेतलं.

बुधवारी सकाळी मेट्रनबाई उठून बाहेर आल्या तर स्वयंपाकघरातले सगळे डबे जमिनीवर मांडलेले आणि वन्सं त्यांच्यामध्ये बसून झाकणं घासतायत. मुलगा बाथरूमच्या फरशीशी झटापट करत होता. सून इस्त्री करत होती. कपडे संपले होते, म्हणून आता पायपुसणी चालली होती. आणि दाजी, जे पेपर वाचताना पानसुद्धा दुसऱ्याकडून उलटून घेतील असे गृहस्थ, ते स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते.

हे काय चाललंय, असं बाईंनी विचारलं. बसून बसून कंटाळा येतो, असं वन्सं म्हणाल्या आणि झाकणाकडेच पाहत राहिल्या. मेट्रनबाईंना नवल वाटलं. पण डोकं त्या चार कोरांत अडकलेलं होतं, त्यामुळे त्यांनी फार खोलात न जाता आंघोळ उरकायचं ठरवलं.

आंघोळ करून येतात तो हॉलमध्ये एकदम शांतता. कॉम्प्युटरची रात्रंदिवस चालणारी बारीक घरघर नव्हती. स्क्रीन काळा. आणि टेबलामागून दाजी रांगत बाहेर येत होते. केसांना जळमट, एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात कॉम्प्युटरचा प्लग.

"मागे फार धूळ होती," दाजी म्हणाले.

मेट्रनबाई खुर्चीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. त्यांना फक्त दिसत होतं, दहा दिवसांचं काम, उद्या पाचची मुदत, आणि तो शिंपी. त्यांचा चेहरा पाहून सगळं घर हॉलमध्ये गोळा झालं. मेट्रनबाई गप्प आहेत, हे दृश्य त्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं.

दाजींचा धीर सुटला. "वहिनी, बंद करायचं तर मला करा," ते म्हणाले. "मुलाला आणि सुनेला नको. त्यांचं सगळं आयुष्य जायचंय."

"तुम्हाला कुठे बंद करू मी?" मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळेना.

"ते तुम्हालाच माहीत."

कोपऱ्यातल्या टेबलावरून यजमानांनी पहिल्यांदाच डोळ्याचं भिंग काढलं. "मेट्रनबाई," ते म्हणाले, आणि त्या सुरावरून काहीतरी कबुली येणार हे बाईंना कळलं, "काल तू निरोप ठेवलास ना, तो यांनी ऐकला. मला तेव्हाच शंका आली होती. पण दाजी पंखे पुसायला लागले, म्हणून म्हटलं, आज बोलायला नको."

अर्थ डोक्यात शिरायला मेट्रनबाईंना जरा वेळ लागला. मग त्यांनी सहा चौकोनांची सगळी हकीकत सांगितली. चौघांनी ती ऐकली. सुनेला आधी हसू फुटलं, मग मुलाला. वन्सं मात्र हसल्या नाहीत.

"ते यंत्राचं राहू दे," त्या म्हणाल्या. "पण आम्ही बसून असतो, हे खरंच आहे. का, ते विचार. पहिल्या दिवशी मी कप धुतला, तो तू पुन्हा धुतलास. हिने चादरी घातल्या, त्या तू काढून परत घातल्यास. या घरात कामाला हात लावला की तूच तो हातातून काढून घेतेस."

कप मेट्रनबाईंनी खरंच पुन्हा धुतला होता.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिने आधी प्लग लावायला सांगितला. कॉम्प्युटर सुरू झाला. सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी केलेलं काम जपून ठेवतं, त्यामुळे एक्क्याण्णव टक्क्यांवर असलेलं गणित एक्क्याण्णव टक्क्यांवरच उभं होतं. दाजींनी कपाळ पुसलं, त्याच फडक्याने.

"आणि दोनच कोर का चालतात म्हणशील तर," मुलगी म्हणाली, "सॉफ्टवेअर घालताना विचारतात, किती कोर वापरू? तू काय लिहिलंस?"

मेट्रनबाईंनी आवाज खाली आणला. "दोन," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एकदम सगळ्यांवर सोपवायला नको. पहिल्यांदा दोघांना जमतंय का बघू."

बाईंनी त्याच जागी बसून दोनचे सहा केले. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, घासलेल्या झाकणांवर नजर फिरवली, एक उचललं, उजेडात धरलं आणि ठेवून दिलं. यासाठी त्यांना किती कष्ट पडले, ते फक्त यजमानांना कळलं.

गुरुवारी दुपारी सगळेच स्क्रीनसमोर जमले. सुनेने खुर्च्या मांडल्या होत्या. चार वाजून वीस मिनिटांनी दोन्ही तुकडे पुरे झाले आणि पोचले. मुलाने टाळ्या वाजवल्या. आता नवं काम येणार आणि सहाच्या सहा रेघा छताला टेकणार, म्हणून मेट्रनबाई चष्मा पुसून सावरून बसल्या. स्क्रीनवर एक ओळ उमटली. तुमच्या मदतीबद्दल आभार, या टप्प्यातलं सगळं काम पूर्ण झालं आहे, सध्या नवीन काम उपलब्ध नाही.

सहाही चौकोनांत रेघा जमिनीवर. एकही दुसरीपेक्षा केसभर वर नाही.

"वाटप मात्र एकदम सारखं झालं," यजमान म्हणाले.

दाजींनी केलेला चहा सून घेऊन आली. चहात साखर नव्हती, हे मेट्रनबाईंना पहिल्याच घोटात कळलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि उठल्या नाहीत.