मागं लाल हाय का?

आमचे शेजारी गंगाराममामा कुणाला राम राम घालत नाहीत. समोरच्या बाभळीकडं बोट करून विचारतात, “मागं लाल हाय का?”

नवख्याला वाटतं, म्हातारा बिघडला. प्रश्न असतो सुतार पक्ष्याचा. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पक्ष्याची ठकठक ऐकू येते, रंग दिसत नाही. म्हणून सगळी गल्ली त्यांचे डोळे.

मामांनी बैलबाजारात दलाली करत जन्म काढला. पक्षीही तसाच पारखतात. “पाठीवर पांढरे ठिपके, कपाळ पिवळं, म्हंजी मराठा सुतार. जात कळली. आता नर का मादी?”

दूधवाला एकदा म्हणाला, “लाल दिसतंय, नरच हाय.”

“कुठं लाल?”

“पोटावर.”

“पोटावर दोघांलाबी असतंय, बे! गाय दावून बैल इकशील तू. डोक्याच्या मागं लाल असंल तरच नर.”

“मामा, पाखराचं आधार कार्डच काढा की.”

यंदा बाभळीच्या ढोलीत सुताराची पिल्लं होती. नर-मादी आळीपाळीनं चारा आणायची. एका सकाळी बाभळीखाली पिसं पडलेली दिसली. काम मांजराचं. मी मामांना सांगितलं.

“पिसावरनं काय कळत न्हाई,” ते म्हणाले. “येणाऱ्याचं डोकं बघा. एकट्याच्यानं पिल्लं निभायची न्हाईत.”

रविवार होता. मी त्यांच्या बाजेवर बसलो. पक्षी आला.

“मागं?”

“लाल.”

पुन्हा आला. पुन्हा लाल. खोटं सांगावं असं वाटलं, पण जमलं नाही. दुपारनंतर मामांनी विचारणं सोडलं. मी मात्र प्रत्येक खेपेला “लाल” म्हणत राहिलो.

बुधवारी ढोलीतली चिवचिव बंद झाली. नर तरीही आला. आत गेला, बाहेर आला.

“चोचीत काय हाय?” मामांनी विचारलं.

“नेलं होतं तेच.”

मामांनी ढोलीकडं कान दिला. मग म्हणाले, “आता त्यानं तरी खावं.”

उन्हं कलली होती. माझ्या बायकोनं सकाळी दिलेलं ताट बाजेखाली झाकलेलं तसंच होतं. मामी जाऊन वर्ष व्हायला आलं, तेव्हापासून त्यांचं एक वेळचं जेवण आमच्याकडून जातं.

“मामा, तुम्ही का जेवला न्हाईत?”

त्यांनी हातानं चाचपून ताट जवळ ओढलं.

“इसरलो न्हाई, भाऊ,” ते म्हणाले. “कुणी हाक मारल्याबिगर जेवाया बसायची सवय न्हाई.”