मालोजीशेठचे निव्वळ वजन

वजन निसर्गात सापडत नाही, ते ठरवावे लागते. हे सत्य शाळेत शिकवत नाहीत, कारण शाळामास्तरांना भात विकत घ्यायचा नसतो. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ज्या भातगिरणीने हे सत्य दोन पिढ्या सांभाळले, तिचे मालक मालोजीशेठ हे आपले नायक. (भरदार नायक आहेत. प्रश्न तोच आहे.)

गिरणीत भात मोजण्याची पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. शेतकरी पोते काट्यावर ठेवतो, आकडा येतो आणि तो आकडा चर्चेची सुरुवात समजला जातो. मग बारदान वजा होते, म्हणजे रिकाम्या पोत्याचे वजन. मग मालोजीशेठ एक दाणा दाताखाली धरतात, वर पत्र्याकडे बघतात आणि म्हणतात, "ओल हाय." गेल्या तीस वर्षांत त्यांच्या दाताला कोरडा दाणा लागलेला नाही. एप्रिलमध्येही नाही. ओलीनंतर पळंज, म्हणजे आत तांदूळच नसलेले पोकळ दाणे. त्यानंतर माती. सरतेशेवटी काट्याची चूक, जी नेहमी शेतकऱ्याच्याच बाजूने झालेली असते. हे सगळे वजा जाता उरते ते निव्वळ वजन, आणि निव्वळ वजनापुढे कोणी बोलायचे नसते असा रिवाज आहे.

गेल्या पावसाळ्यात मालोजीशेठच्या छातीत कळ आली. पनवेलच्या एका इस्पितळात त्यांना नळ्या लावून ठेवले होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून त्यांच्या पत्नी ललिताबाई गावदेवीला नवस बोलल्या: माझा माणूस घरी येऊ दे, चैत्राच्या जत्रेत त्याची गुळाने तुला करीन. एका पारड्यात नवरा, दुसऱ्यात त्याच्या भाराचा गूळ, आणि गूळ सगळ्या गावाला प्रसाद. देवीने आपला शब्द पाळला. डॉक्टरांनी मात्र सोडताना बजावले, "वीस किलो उतरवा, नाहीतर पुन्हा इथंच भेटू."

मोहोपाड्याला दिलेली लेक संजना, तिने बापासाठी काचेचा बाथरूमकाटा आणला. हा काटा दिसायला नाजूक असला तरी स्वभावाने फार कडक होता. तो कोणाचे ऐकून घेत नसे. आकडा दाखवायचा आणि विझायचा. पहिल्या दिवशी त्याने एकशे चार दाखवले. मालोजीशेठनी हे चर्चेची सुरुवात म्हणून मान्य केले.

प्रथम जागेचा प्रश्न घेण्यात आला. बाथरूममधली प्रत्येक फरशी वेगळे बोलते, हे शेठच्या ध्यानात आले. गिझरखालची फरशी उद्धट होती, दाराजवळची समजूतदार. समजूतदार फरशीवर एक पाय अलगद ठेवून आणि नळाला नुसता हात लावून (नुसता, लोंबकळून नव्हे) चढले की दीड किलोचा फरक पडे. काट्यावर तीनदा चढावे आणि सर्वांत लहान आकडा खरा धरावा, असाही नियम झाला. मोठे दोन आकडे ही काट्याची चूक.

मग कपात. आंघोळीचा पंचा हे उघड बारदान. गळ्यातली साखळी आणि बोटातली अंगठी हे तर ललिताबाईंचे स्त्रीधन, ते शेठच्या वजनात धरणे कायद्यातही बसले नसते. सकाळी प्यालेले तांब्याभर पाणी ही ओल. रात्रीचे जेवण अजून पोटात पडून आहे, म्हणजे तो न खपलेला माल. एवढ्यावर शेठ काही महिने समाधानी होते. पण माणूस एकदा अभ्यासाला लागला की थांबत नाही. डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितले होते, हाडांबद्दल ते काहीच बोलले नव्हते, आणि नीट विचार केला तर हाडे हे तरी बारदान नव्हे तर काय? ज्यात माल भरतात ते बारदान. हाडांचे माफक वजन धरून तेही वजा झाले.

आहार कडक होता. घरी नाचणीची भाकरी आणि उकडलेला दुधी, शेठ पानात काही टाकत नसत. गिरणीवर मात्र ते वडापाव खात, कारण तिथे काटा नव्हता. शिळफाट्याला त्यांचे काम निघू लागले होते. काम कसले ते शिळफाट्याच्या मिसळवाल्याला ठाऊक होते.

रोज सकाळी ललिताबाई बाथरूमच्या दाराबाहेर उभ्या राहत आणि विचारत, "किती?" आतून निव्वळ आकडा येई. बाईंना मनापासून आनंद होई. तीस वर्षांत या माणसाने सांगितलेल्या वजनावर गावात कोणी वाद घातलेला नव्हता, तो आपण काय म्हणून घालावा? देवघरापुढे उभ्या राहून त्या डोळे पुसत. त्यांचे ते भरलेले डोळे मालोजीशेठना बघवत नसत. मग दुसऱ्या दिवशी ते आणखी अर्धा किलो कमी सांगत.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा ललिताबाईंनी चुलीपाशीच विचारले, "अहो, गूळ किती सांगू? भार सांगा, पण बरोबर सांगा. नवसाला कमी पडलं तर देवी दिलेलं परत नेते म्हणतात."

शेठनी खरा आकडा सांगायला तोंड उघडले होते. पण समोर पातेल्यात दुधी शिजत होता. गेले कित्येक महिने ती बाई स्वतःही त्यांच्याबरोबर दुधीच खात होती.

"चौऱ्याऐंशी," शेठ म्हणाले.

बाईंनी मानाचा म्हणून थोडा वर धरून नव्वद किलोच्या ढेपी मागवल्या.

तुलेचा रिवाज असा की तराजू माणसाच्या ऐपतीप्रमाणे यावा आणि तो घरच्या माणसाने हाताळू नये. तराजू शेठच्या वडिलांचा, गिरणीतलाच. देवळाच्या मंडपात तुळईला टांगला होता. हाताळायला गावाने नामाला उभे केले. नामा गेली वीस वर्षे शेठच्या गिरणीवर आपला भात विकत आला होता. गावाने त्यालाच का निवडले, याची नोंद कुठे नाही.

मालोजीशेठ नवा कोट घालून पारड्यात बसले. पारडे जमिनीला टेकले. समोर एकेक ढेप चढू लागली, गुरव मंत्र म्हणू लागला, पोरे प्रसादासाठी पुढे सरकली. शेवटची ढेप चढली. शेठ जमिनीवरच होते. गुरवाने मंत्र पहिल्यापासून पुन्हा घेतला. मंत्र संपला, तरी शेठ जमिनीवरच.

"गूळ संपला," नामा म्हणाला.

मालोजीशेठनी पारड्यातूनच हाक मारली, "अरं नामा, कोट वजा धर रं. जड कापड हाय."

"धरला, शेठ."

"सकाळी दोन शहाळी प्यालोय."

नामा दोन पावले मागे सरला. त्याने शेठना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले, मग वर तुळईकडे बघितले आणि शांतपणे म्हणाला, "ओल हाय."

पहिला हसला तो कोण हे कळले नाही, कारण दुसऱ्याच क्षणी अख्खा मंडप हसत होता. नामाने हसू आवरून अदबीने विचारले, "आनि पळंज किती धरू, शेठ?"

एक बाई हसत नव्हती. ललिताबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. ते बघून मालोजीशेठ घाबरले. छातीत कळ आली होती तेव्हासुद्धा ते इतके घाबरले नव्हते.

"अगं, निव्वळ धरलं तर बरोबरच हाय," ते हळूच म्हणाले.

"निव्वळ?" ललिताबाई म्हणाल्या. "मी त्या बाकावर बसून देवीकडं आख्खा माणूस मागितला व्हता. बारदानासकट. तुमी काय काय वजा केलंत तेवढं तिनं आता परत मागितलं, तर मी कुठं जाऊ?"

मालोजीशेठ मान खाली घालून म्हणाले, "एकशे तीन. आदी एकशे चार व्हतं."

मग नामाची आई गौराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, घरी गेली आणि गुळाचा डबा घेऊन आली. तिच्यामागे बाकीच्या बायका उठल्या. कोणी कागदात, कोणी पिशवीत, कोणी भांड्यात, ज्याच्या घरात जेवढा होता तेवढा गूळ आला आणि पारड्यात पडू लागला.

"डब्याचं वजन..." मालोजीशेठ सवयीने बोलून गेले आणि थांबले.

"बस गप, पोरा," गौराबाई म्हणाली. "मी देवीआईला देताना बारदान नाय मोजत. डबा उद्या परत दे म्हंजे झालं."

पारडे हलले, डुगडुगले आणि मालोजीशेठ जमिनीपासून चार बोटे उचलले गेले. ललिताबाई पदर तोंडाला लावून रडल्या. गावाने टाळ्या वाजवल्या.

आता शेठचे डोळे उघडले आणि गिरणीतली कपात बंद झाली, अशी वाचकांची अपेक्षा असणार. तसे काही झाले नाही. बाथरूममध्ये ललिताबाई आता स्वतः चष्मा लावून उभ्या राहतात, काटा गिझरखालच्या फरशीवर असतो आणि एक ग्रॅमही वजा होत नाही. शेठ खरोखरच सत्त्याण्णववर आले आहेत. पण एवढ्या वर्षांची सवय कुठेतरी भागवावी लागतेच आणि त्यासाठी त्यांना आता गिरणीच तेवढी उरली आहे. यंदा भाताला ओल फार होती.

हे वाचून बऱ्याच जणांना मालोजीशेठचा राग आला असेल. (आमच्या अंदाजाने शंभरातल्या नव्वदांना, निव्वळ धरले तर चौऱ्याऐंशी.) त्यांनी उद्या सकाळी आपल्या काट्यावर एकदाच चढावे. अंगावर असेल त्या कपड्यात, काटा असेल त्या फरशीवर. चष्मा काढून ठेवू नये, नळाला हात लावू नये, उतरून पुन्हा चढू नये. आणि आमचा काटा मुळातच किलोभर जास्त दाखवतो असे ज्यांना आत्ताच सांगावेसे वाटले, त्यांनी जरूर कळवावे. हंगामात गिरणीवर दाणा चावायला माणूस हवाच असतो.