ओटा आणि लावणी

खरं म्हणजे तक्रार फक्त एका ड्रॉवरची होती. पुण्याजवळ नेऱ्याच्या छोट्या रो-हाउसमध्ये राहणाऱ्या निरंजन पाथ्रीकरच्या स्वयंपाकघरातला चमच्यांचा ड्रॉवर अर्धाच उघडायचा. झारा काढायचा तर मनगट वळवून चोरासारखा हात आत सारावा लागे. त्याची बायको गौतमी एवढंच म्हणाली होती, की सुताराला बोलावून तो जरा नीट करून घे. पण निरंजनला कुठलीही गोष्ट ‘जरा’ अशी दिसतच नसे. चहाचा कप घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, आणि बघता बघता समोरची भिंत विरघळली. तिच्या जागी मोठी खिडकी आली, खिडकीत डोंगर आले, खाली काळाभोर ओटा आला, आणि त्या ओट्याशी शीळ घालत पोळ्या लाटणारा स्वतः निरंजन आला. (त्याने आजवर एकही पोळी लाटलेली नव्हती. पण तिथे त्या गोल होत होत्या.)

“आपण किचनच नवं करू,” तो म्हणाला.

गौतमी मारुंजीच्या शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, किती दिवस लागतील. निरंजन म्हणाला, पंधरा. हा आकडा कुठून आला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण आठवड्याने आलेल्या गोरख कंत्राटदाराने खोलीभर नजर फिरवून नेमका तोच आकडा सांगितला, तेव्हा हा माणूस निरंजनला अगदी आपला वाटला.

“पंधरा दिस, साहेब,” कानामागची पेन्सिल काढत गोरख म्हणाला. “सोळाव्या दिशी वहिनींनी नव्या ओट्यावर पुरण वाटायचं.”

पहिल्या दोन दिवसांत जुना ओटा, कपाटं आणि अर्धी भिंत भुईसपाट झाली. गोरखच्या माणसांनी मोडायचं काम इतक्या हौसेने केलं, की जोडायलाही तेच येतील याबद्दल निरंजनला शंका उरली नाही. मग ग्रॅनाइट यायचं राहिलं. आलं ते गुलाबी आलं. ते परत गेलं. मग पावसाने रस्ता खचला, मग मिस्त्रीच्या मेव्हण्याचा साखरपुडा निघाला, आणि पंधराचे पस्तीस झाले. फ्रिज बेडरूममध्ये गेला, मसाल्याचा डबा पुस्तकांच्या कपाटात, आणि शेगडी इस्त्रीच्या टेबलावर. उशांना हिंगाचा वास येऊ लागला. भांडी बाथरूममध्ये घासली जात, त्यामुळे एकदा निरंजनने भांड्यांच्या साबणाने डोकं धुतलं. (केस इतके स्वच्छ पूर्वी कधी निघाले नव्हते, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.)

पण एक गोष्ट होती. खिडकी बसायची त्या भगदाडातून रोज सकाळी धुकं आत यायचं. निरंजन सिमेंटच्या पोत्यावर बसून चहा प्यायचा, आणि शेतांवरून तरंगत आलेला ढगाचा एखादा तुकडा सिंकच्या जागी जरा रेंगाळून, हॉलकडे डोकावून, पाहुण्यासारखा परत जायचा. उघड्या पाइपावर बुलबुल येऊन बसायचा. घराला एक बाजूच नाही, आणि त्या बाजूने सगळा मुळशी तालुका आपल्याकडे चहाला येतो आहे, असं काहीतरी निरंजनला वाटत राही. चहा गार होई. ओटा नाहीच झाला तर काय बिघडेल, असंही त्याच्या मनात येऊन जाई. हे तो मोठ्याने बोलला नाही. संसार त्यालाही टिकवायचा होता.

एका सोमवारी बाथरूमच्या पाटावर बसून कुकर घासता घासता गौतमी म्हणाली, “श्रावण लागायच्या आत ओटा झाला नाही, तर मी परभणीला आईकडे जाते. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. फक्त तारीख घालायची राहिलीय.”

तिने आवाज चढवला नव्हता. निरंजन त्यानेच घाबरला. श्रावण तीन आठवड्यांवर आला होता. त्याने लगेच गोरखला फोन लावला. फोन गोरखच्या बायकोने, कमळने उचलला.

“ते लावणीला ग्येल्यात,” ती म्हणाली. “समदीच माणसं लावणीला हायेत. शनवारपातूर तरी कुनी गावायचं न्हाई.”

निरंजनने फोन ठेवला आणि तो भिंतीला टेकला. तो परभणीचा, कापूस आणि सोयाबीन बघत मोठा झालेला. त्याच्या माहितीतल्या लावणीला ढोलकी लागे आणि घुंगरं लागत. आपला ओटा उघडा टाकून हा माणूस आठवडाभर फेटा उडवत बसला आहे, हे त्याने गौतमीला खालच्या आवाजात सांगितलं.

“सकाळी आठ वाजता?” गौतमीने विचारलं.

“मिस्त्र्यांसकट,” निरंजन खिन्नपणे म्हणाला.

सहावीच्या वर्गाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. “भाताची लावणी, निरंजन.”

शनिवारी दोघं गाडी काढून गोरखच्या गावी, मुठ्याला गेले. गोरख गुडघाभर चिखलात उभा होता. त्याच्या मागे, हातात रोपांच्या मुठी घेऊन, निरंजनच्या स्वयंपाकघरातून नाहीसे झालेले सगळे लोक वाकलेले होते. गवंडी, प्लंबर, टाइल्सवाला, सगळे. गोरखला त्यांना बघून लाजल्यासारखं झालं, पण त्याने सबब सांगितली नाही.

“ओटा थांबतो, साहेब,” तो म्हणाला. “रोपं थांबत न्हाईत.”

भाताची दोन खाचरं राहिली होती आणि हात कमी पडत होते. ती उरकली की सोमवारी सगळे नेऱ्याला येतील, असं तो म्हणाला. निरंजन ‘आम्हीही हात लावतो’ म्हणेपर्यंत गौतमी सलवार खोचून चिखलात उतरलीसुद्धा होती.

कमळने दाखवलं, की तीन-चार काड्या धरायच्या आणि अंगठ्याने खाली दाबायच्या. एक खाचर गौतमीला मिळालं, दुसरं निरंजनला. गौतमीच्या ओळी चौकटीच्या वहीसारख्या सरळ जात होत्या. निरंजनचं वेगळंच झालं. खाचरातल्या पाण्यात आभाळ उतरलं होतं. तो वाकला, तेव्हा त्याला चिखल दिसलाच नाही, ढग दिसले. एकेक रोप तो ढगात लावत गेला. हळुवार, कुणाची झोप मोडू नये असं. पलीकडे बायका हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होत्या, डोंगर दिसेनासा होत होता आणि पुन्हा दिसत होता. वेळ कुठे गेला कळलं नाही. ओटा म्हणजे काय, हे त्याला आठवावं लागलं असतं.

दुपारी बांधावर बसून सगळे जेवले. तांदळाची भाकरी होती, वाटाण्याची आमटी होती. गौतमीच्या गालावर चिखल लागला होता आणि ती कमळच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होती. महिनाभरात निरंजनने तिला हसताना बघितलं नव्हतं. तो भाकरी हातात धरून तसाच बघत राहिला.

“कमळताईंनी बारा जणांचं जेवण चुलीवर केलंय,” गौतमी म्हणाली. “ओट्याशिवाय.”

परतताना पिरंगुटला चहाला थांबले, तेव्हा ती म्हणाली, की अर्जावरची तारीख राहू दे, घालत नाही. निरंजनला वाटलं, आजच्या दिवसात आपण भात लावलं, ओटा मिळवला आणि संसारही वाचवला. गाडी चालवताना त्याची छाती थोडी पुढे आली होती.

सोमवारी कुणीच आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आले ते मात्र चंग बांधून आले, आणि श्रावण लागायच्या आदल्या दिवशी ओटा झाला. काळाभोर, चकचकीत. वरच्या खिडकीत डोंगर मावला होता. गौतमीने सगळ्यांना चहा दिला. निरंजन ओट्याला टेकून उभा राहिला आणि आपल्याला शोभेल अशा बेताने म्हणाला, की चला, त्या दिवशी आमच्याही चार हातांची मदत झाली. फक्त सोमवारचा बुधवार कसा झाला, तेवढं कळलं नाही.

गोरखने कप खाली ठेवला. त्याला सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं.

“तुमचं खाचर, साहेब,” तो म्हणाला. “रविवारी सकाळी बघतो तर समदी रोपं पान्यावर तरंगत हुती. दुसरी रोपं पाव्हन्याकडनं मागून आनली, पुन्यांदा लावली. दोन दिस त्यातच ग्येलं.”

गवंडी खिडकीबाहेर बघू लागला. प्लंबरला अचानक नळ तपासावासा वाटला.

“वहिनींचं खाचर ब्येस लागलंय,” गोरख घाईने पुढे म्हणाला. “पुढल्या साली बी या म्हनावं.”

“येईन की,” कप विसळता विसळता गौतमी म्हणाली.

“आणि मी?” निरंजनने विचारलं.

गोरखने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोचली. साहेब माणूस होता, पैसेही वेळेवर दिले होते.

“तुमी बी या, साहेब,” तो म्हणाला. “वहिनींना सोडाया. फकस्त गाडीतनं उतरू नका.”