धोंडोपंत डॉक्टरांची खिलअत

धोंडोपंत डॉक्टरांना कुणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करीत नसत. ‘जीभ काढा,’ म्हणत. समोरचा माणूस मानाचा असेल तर ‘काढा’, ओळखीचा असेल तर ‘काढ’, आणि बाजारात भेटलेला तरणाताठा गडी असेल तर ‘जीभ काढ बे!’ गेवराईत नवीन आलेल्याला हे ठाऊक नसायचं. एकदा नवे तहसीलदार कचेरीच्या पायऱ्या उतरत होते आणि समोरून धोंडोपंत नि मी चाललो होतो. त्यांनी रीतीप्रमाणे हात कपाळाला नेऊन आदाब केला. धोंडोपंत म्हणाले, ‘जबान दिखाइए.’ तहसीलदारांनी आधी शिपायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. तेव्हा निजाम सरकारचे तहसीलदार भर कचेरीसमोर जीभ बाहेर काढून उभे राहिले. ‘रात का खाना कम कीजिए,’ एवढं सांगून धोंडोपंत पुढं निघाले.

मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि माझं घर त्यांच्या घराला लागूनच. त्यामुळं माझी जीभ रोज सकाळी पाहिली जायची. दात घासून मी ओट्यावर आलो की ते त्यांच्या ओट्यावर हजर असत. माझी बायको चिडायची. ‘देवाला हात जोडायच्या आधी त्या माणसाला जीभ दाखवता, शोभतं का?’ म्हणायची. शोभत नव्हतं, पण सवय झाली होती.

जिभेवरून त्यांना काय कळायचं ते त्यांचं त्यांना माहीत. निदान बहुधा ठरलेलं असे. ‘आजार काही न्हाई. पोटात अन्न न्हाई. जेव.’ आमच्या तालुक्यात हे निदान फारसं चुकत नसे, ही काही आनंदानं सांगायची गोष्ट नव्हे.

नुसतं ‘जेव’ म्हणून ते थांबत नसत. दवाखान्याच्या ओसरीवर दुपारी पंगतच बसायची. खेड्यापाड्यांतून आलेले रोगी आपापली शिदोरी सोडत आणि धोंडोपंत प्रत्येकाच्या फडक्यातला एकेक घास उचलत. ‘पथ्य बघतो,’ म्हणत. मग एकाची भाकरी दुसऱ्याला, दुसऱ्याचं पिठलं तिसऱ्याला, असं करत ज्यानं काहीच आणलेलं नसे त्याच्या पुढ्यातही काही ना काही येई. ब्राह्मण आळीत यावरून पुष्कळ कुजबुज झाली. कुणीतरी तोंडावर विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘दवाखान्यात जात नसते. जुलाब असतात.’ विचारणाऱ्याला त्याच आठवड्यात जुलाब झाले आणि विषय मिटला.

खरं सांगायचं तर त्यांना घरी जेववत नसे. ते पूर्वी नांदूरघाटच्या दवाखान्यावर होते, तेव्हाच त्यांची बायको वारली होती. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. घराचं दार ते झोपण्यापुरतं उघडत. त्यांचा संसार होता तो दवाखान्याच्या ओसरीवर, आणि तो रोज संध्याकाळी उठून आपापल्या गावी जायचा.

या पंगतीत धनगरवाड्यातली भागूबाई ठरलेली. दर बाजारच्या दिवशी गुडघे घेऊन यायची. गुडघ्यांना काही होण्यासारखं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. पण ती जीभ काढायची, ते बघायचे, आणि मग तिची बाजरीची भाकरी नि लसणाची चटणी दोघं मिळून खायचे. ‘आता कसं हाय गुडघ्याचं?’ ते विचारत. ‘बसल्यावर लई बरं हाय,’ ती म्हणायची.

असं सुरळीत चाललं होतं आणि त्यात ती पदवी आली.

त्याचं मूळ गोदाकाठच्या पटकीत होतं. ज्या साली नदीकाठची गावं पटकीनं ओस पडायला लागली, त्या साली धोंडोपंत आमराईत तंबू ठोकून राहिले. विहिरींत लाल औषध टाकलं तर लोक पाणी पिईनात. हे काठावर बसून तांब्यामागून तांब्या पीत राहिले. अशात एक दिवस सफेद कपड्यांतला एक गृहस्थ तंबूच्या दारात येऊन उभा राहिला. धोंडोपंतांनी वर न बघताच सांगितलं, ‘जीभ काढ बे.’ त्यानं काढली. ‘धडधाकट हायेस. मग उभा काय राहतोस? ती घागर उचल.’ त्यानं घागर उचलली. दिवसभर पाणी वाहिलं आणि संध्याकाळी घोड्यावर बसून निघून गेला. 

पुढं हैदराबादच्या विद्यापीठानं राजधानीतल्या नामांकित डॉक्टरांना मानद पदव्या द्यायचं ठरवलं. नबाबांच्या नाड्या बघणारे, विलायतेत शिकून आलेले, असे एकेक मोठे लोक. त्यांच्या बरोबरीनं नाव होतं आमच्या धोंडोपंतांचं. त्यांना वाटलं, कचेरीची काहीतरी गफलत झाली आहे. तरी जालन्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं आगगाडीनं गेले.

परत आले ते लाल झगा आणि गोंड्याची काळी टोपी घेऊन. मी विचारलं, ‘कसा झाला समारंभ?’

‘गर्दी फार. माझ्या शेजारी बसले होते त्या डॉक्टरांचं यकृत ठीक नाही, चेहऱ्यावरून दिसत होतं. पण अशा ठिकाणी जीभ काढा कसं म्हणायचं?’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘मास्तर, पदवी हातात देताना विद्यापीठाचे बडे साहेब माझ्या कानाशी वाकले. म्हणाले, डाक्टरसाब, जबान दिखाऊँ? तेव्हा कळलं मला, घागर कुणाकडून उचलून घेतली होती!’

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. त्यांना इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. झगा घरी ठेवावा, तर घरी बघणार कोण? म्हणून त्यांनी तो दवाखान्यात, औषधांच्या फळीशेजारी खुंटीला टांगला. आपल्या माणसांनी पाहावा, एवढीच इच्छा होती.

आपल्या माणसांनी तो पाहिला. तहसीलदारांनी धोंडोपंतांना तो झगा घालून घोड्यावर बसवलं आणि हलगी वाजवत गावातून मिरवलं. उन्हाळ्याचे दिवस, झगा लोकरीचा. घोड्यावर डॉक्टर घामानं निथळत होते आणि सवयीनं दोन्ही बाजूंच्या लोकांना ‘जीभ काढ, जीभ काढ’ म्हणत होते. पण त्या दिवशी कुणी जीभ काढली नाही. सगळ्यांनी कमरेत वाकून मुजरा केला.

चावडीवर मी लोकांना समजावून सांगितलं, की ही मानद पदवी. चांगलं काम केलं म्हणून विद्यापीठानं दिली, परीक्षा न घेता.

‘परीक्षा न्हाई?’ पाटील म्हणाले. ‘मग दिली कावून? हे बगा मास्तर, सरकारानं बोलावलं, अंगावर झगा घातला, हातात कागद दिला. याला आमी खिलअत म्हणतो. आता डाक्टर दरबारी मानूस झाला.’

आमच्याकडं खिलअत मिळालेल्या माणसाची रीत ठरलेली होती. त्याच्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही. वहाणा बाहेर काढायच्या, रुमालावर नजर, म्हणजे नजराणा, म्हणून काहीतरी चांदीचं ठेवून तो दोन्ही हातांवर धरायचा, आणि त्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. जहागीरदाराच्या देवडीवर हे ठीक. खरूज घेऊन आलेल्या माणसानं चांदी आणायची कुठून? लोक दवाखान्याच्या दारापर्यंत यायचे, आतला लाल झगा बघायचे, वहाणा काढून लांबूनच हात जोडायचे आणि पुन्हा वहाणा घालून परत जायचे. त्यांच्या मते ते डॉक्टरांची इज्जत राखत होते.

धोंडोपंतांना यातलं काही कळेना. पावसाळा संपेपर्यंत ओसरी रिकामी झाली. दुपारी ते तिथंच बसत, डबा उघडत आणि तसाच मिटत. ‘मास्तर, तालुक्याची तब्येत सुधारली वाटतं,’ ते एकदा मला म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. सकाळी माझी जीभ मात्र ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघायला लागले. मला तोंड मिटताच येईना.

मी त्यांना का सांगितलं नाही? कसं सांगणार? ज्या एका गोष्टीचा त्यांना आनंद झाला होता, तिनंच त्यांची माणसं तोडली, हे तोंडून निघेना. शिवाय लोकांनी माझ्यावर दुसरंच काम सोपवलं होतं. ‘मास्तर, तुमी शेजारी राहता. हळूच इचारा की, खरजंला काय लावावं?’ मग मी संध्याकाळी दवाखान्यात जाई आणि दुसऱ्यांचे आजार स्वतःचे म्हणून सांगे. डॉक्टर खूश होत. बाकावर बसवून, उताणं निजवून, ठोकून-दाबून असे तपासत की कधीकधी मला खरंच काहीतरी झालंय असं वाटायचं. मलम, पुड्या, काढे घेऊन मी बाहेर पडलो की कोपऱ्यावर आजाराचे खरे मालक उभे असत.

एके दिवशी शाळेत तपासनीस येऊन गेले होते आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. धोंडोपंत म्हणाले, ‘मागं तुम्हाला खरूज होती मास्तर. मग जंत झाले. मग गुडघे. आज काय?’

भागूबाईनं दिलेला निरोप माझ्या तोंडून जसाच्या तसा निघाला. ‘अंगावर दूध कमी येतंय.’

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. धोंडोपंत हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला.

‘कुणाच्या अंगावर?’

‘भागूबाईच्या सुनेच्या. बाळ महिन्याचं आहे.’

‘आणि ते गुडघे भागूबाईचेच?’

‘हो.’

‘मग ती का आली न्हाई?’ आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. ‘मी काही बोललो का तिला?’

मग मी सगळं सांगितलं. खिलअत, नजर, रिकामे हात. ते ऐकत राहिले आणि झग्याकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, ‘त्यांना बघायला मिळावा म्हणून मी तो इथं टांगला हो, मास्तर.’ मला त्यांच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला हाक मारली. बाहेर येऊन बघतो तर अंगात तो लाल झगा, डोक्यावर गोंड्याची टोपी, पाय अनवाणी. दोन्ही तळव्यांवर धुतलेला रुमाल पसरलेला आणि त्यावर आळिवाची पुडी. ‘चला,’ म्हणाले. त्यांच्यामागून चालताना मला लाज वाटत होती, हे कबूल करतो. सगळी गेवराई दारात उभी होती.

धनगरवाड्यातली कुत्री एवढा लाल माणूस बघून पिसाळल्यासारखी भुंकायला लागली. मेंढरं उधळली. भागूबाई खोपटाच्या दारात आली आणि गडबडीनं पदर सावरून वाकायला लागली. पण तिच्याआधी धोंडोपंत वाकले. कमरेत वाकून त्यांनी रुमाल तिच्यापुढं धरला आणि तसेच उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, ही रीत.

‘अगं माय! हे काय वो साहेब?’

‘नजर आणलीय. रिकाम्या हातानं कसं यायचं?’ ते म्हणाले. ‘आत येऊ का?’

 भागूबाईनं घोंगडी टाकली, झटकली, पुन्हा टाकली. डॉक्टर झगा गुंडाळून मांडी घालून बसले. सुनेला बाहेर बोलावलं, बाळाचं पोट पाहिलं, आळीव कसं रांधायचं ते सांगितलं. सगळं नेहमीसारखं झालं. मग काम संपलं, तरी ते उठेनात. रुमालाची घडी घालत बसले, मोडली, पुन्हा घातली.

भागूबाई त्यांच्यासमोर गुडघे धरून बसली होती. ती त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. इतक्या महिन्यांनी तिला ते जवळून दिसत होते.

‘लई वाळलाव वो साहेब,’ ती म्हणाली. मग जरा पुढं सरकली. ‘जीभ काढा बगू.’

मला वाटलं, आता हे चिडणार. इतक्या वर्षांत अख्ख्या तालुक्याची जीभ त्यांनी पाहिली होती, पण त्यांची जीभ बघणारं कुणी नव्हतं. धोंडोपंतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शहाण्या मुलासारखी जीभ बाहेर काढली.

भागूबाईनं ती नीट पाहिली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. हसली नाही. मग उठली, चुलीजवळचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

‘आजार काई न्हाई,’ ती म्हणाली. ‘पोटात अन्न न्हाई. जेवा.’