सासऱ्यांच्या माळ्यावरची शिसवी फळी

बास गिटार घरीच करायची, हे नाबोर मेदिनाने कचेरीतल्या मधल्या सुट्टीत ठरवलं, तेही मक्याच्या पिठाच्या दुसऱ्या वाफवलेल्या तामालचं पान सोडता सोडता. नागरी नोंदणी कार्यालयातल्या चार कारकुनांनी मिळून बँड काढला होता आणि ऑगस्टच्या जत्रेत त्यांना वाजवायचं होतं. चार जाड तारांची, विजेवर वाजणारी बास तेवढी कुणाकडे नव्हती.

"विकत आणू," एकजण म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं जेवण मान खाली घालून केलं. पाराचोसारख्या गिटारी घडवणाऱ्या गावात राहून गिटार विकत आणायची म्हणजे कोळ्याच्या घरी डब्यातला मासा शिजवण्यासारखं. इथे दर दुसऱ्या घरात रंधा चालतो आणि लोकांच्या केसांत लाकडाचा भुसा असतो. नाबोरच्या केसांत तो नव्हता. तो जन्म, मृत्यू आणि लग्नं लिहायचा, सुवाच्य अक्षरात. शिवाय तो दोन इलारियोंचा जावई होता (हा 'दोन' आकडा नव्हे, इथलं 'श्रीयुत'), आणि दोन इलारियोंच्या हातची गिटार मिळावी म्हणून लोक तीन-तीन वर्षं थांबत. अशा माणसाच्या जावयाला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, हे गावाला माहीत होतं. सासरे त्याबद्दल कधी बोलत नसत. (बोलले असते तर बरं झालं असतं. न बोलणारा सासरा फार महागात पडतो.)

"मी करतो की," नाबोर म्हणाला. "बासला पोकळ पोट नसतं. एक जाड फळी, एक दांडी, चार तारा. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते पुढच्या दोन महिन्यांत कळलं. पहिली फळी करवतीखाली उभी चिरली. दुसरीला नेमकी मधोमध गाठ निघाली. तिसरी सुकलेली नव्हती, ती आठवड्यात पापडासारखी वळली. तेवढ्यात दोन इलारियो डोळे तपासायला उरुआपानला गेले आणि त्यांच्या कोंबड्यांना दाणे घालायचं काम नाबोरकडे आलं. कोंबड्या स्वयंपाकघराच्या मागे होत्या. स्वयंपाकघरावर माळा होता. माळ्यावर, चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं सुकत पडलेली वीसएक लाकडं होती.

नाबोरने त्यातली सगळ्यात सरळ, सगळ्यात जाड शिसवी फळी काढली. तिच्यावर पेन्सिलीने "१४ मे" आणि पंधरा वर्षांपूर्वीचं साल लिहिलं होतं. लाकूड घेतल्याची तारीख असणार, असं त्याने मानलं. पंधरा वर्षांत ज्या फळीची आठवण झाली नाही तिची आता कशाला होईल? घरामागच्या पडवीत नेऊन त्याने तिच्यावर रंधा मारला, आणि पहिल्याच फटक्यात तारीख भुशात गेली.

बास झाली. खरंच झाली. पाट्यासारखी जड झाली, खांद्याला लावली की माणूस डावीकडे झुकायचा, पण झाली. बायकोला, ओतिलियाला, त्याने सांगितलं की लाकूड बाजारातलं आहे. ती म्हणाली, "छान आहे," आणि पुन्हा एकदा फळीकडे बघून म्हणाली, "फारच छान आहे." तिचा बाप दोन इलारियो होता, हे नाबोर विसरला होता.

मग गुरुवारी दोन इलारियो दारात आले, नवा चष्मा घालून.

"रविवारी जेवायला या," ते म्हणाले. "ओतिलिया, चुरिपोचा रस्सा तू कर, तुझ्या हातचं मटण मऊ होतं. आणि जावईबापू, तुम्ही जरा माळ्यावर चढा. माझे गुडघे नाही म्हणतात. ती तारीख लिहिलेली फळी काढायची आहे."

नाबोरने विचारलं, "कोणती फळी?"

"तारीख लिहिलेली एकच आहे."

ते तीन दिवस नाबोरने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. शुक्रवारी त्याने पाइनची एक फळी त्याच मापाची कापली. शनिवारी तिला तीन वेळा काळी कॉफी पाजली, वर बुटाचं पॉलिश चोळलं आणि धुरावर धरली. लांबून ती शिसवीसारखी दिसायला लागली. (बऱ्याच लांबून.) मग त्याने पेन्सिल घेतली आणि एकही आकडा न चुकता तारीख लिहिली. तारखांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. संध्याकाळी सासरे प्रार्थनेला गेले तेव्हा त्याने ती माळ्यावर सरकवली. पण धास्ती होती ती वेगळीच. दोन इलारियो लाकूड बघत नसत, ऐकत. बोटाच्या पेराने वाजवून बघायची त्यांना खोडच होती. कलिंगड, दार, पेटी, काहीही सुटत नसे. लग्नाआधी नाबोर भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याच्याही पाठीवर दोनदा टकटक केलं होतं आणि काहीच म्हणाले नव्हते.

रविवारी ओतिलिया पहाटेपासून वडिलांच्या चुलीपाशी होती. तिने निळा झगा घातला होता. एवढं सगळं एका फळीसाठी, हे बघून नाबोरची पाचावर धारण बसली.

तो शिडी चढला. फळी एका बोटाने उचलली गेली. शिसवी अशी उचलली जात नाही, हे वेळेवर सुचलं म्हणून तो कण्हत कण्हत, दर पायरीवर थांबून, घामाघूम होऊन खाली आला. घाम खरा होता.

दोन इलारियोंनी फळी हातात घेतली. चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि वाजवली. टक. पुन्हा वाजवली. टक. मग ती नाबोरच्या कानाशी धरली.

"काय ऐकू येतं?"

"चांगलं ऐकू येतं."

"मला पाइन ऐकू येतं. कॉफी प्यायलेलं पाइन."

चुलीवर रस्सा रटरटत होता.

"वाळवी लागली असेल," नाबोर म्हणाला.

"वाळवीने शिसवीचं पाइन केलं?"

"मग चोर. हल्ली भुरटे चोर फार झालेत."

ओतिलिया पळी घेऊन वळली. "फळी नेली, दुसरी आणून ठेवली आणि जाताना तारीख घातली? बरा नीटनेटका चोर आहे. अक्षरही काय सुरेख आहे त्याचं."

अक्षर कुणाचं आहे हे तिघांनाही दिसत होतं. नाबोर घरी गेला आणि बास घेऊन आला. डावीकडे झुकत.

दोन इलारियोंनी ती मांडीवर घेतली. लाकडावरून हात फिरवला, वाजवून बघितली, कान लावला. त्यांचे ओठ थरथरले. नाबोरला वाटलं की म्हातारा आता रडेल, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमचं जपून ठेवलेलं लाकूड होतं."

"माझं नव्हतं. तुझं होतं." म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "तुझी गिटार करायची होती त्याची. जावयाने एकदा तरी येऊन विचारावं, हे कसं करतात, आणि मग दोघांनी मिळून करावी, असं होतं मनात. वाट बघितली. तू विचारलं नाहीस. म्हटलं, आज पंधरा वर्षं झाली, आता आपणच काढू."

"आज पंधरा वर्षं कसली झाली?"

ओतिलियाच्या हातातली पळी पडली.

"नाबोर," ओतिलिया शांतपणे म्हणाली. तिचा तो शांतपणा चांगला नसे. "त्या फळीवर तू स्वतःच्या हाताने कुठली तारीख लिहिलीस?"

"चौदा मे."

"आज कुठली आहे?"

"चौदा मे."

"पंधरा वर्षांपूर्वी, चौदा मेला, तुझ्या कचेरीत कुणाचं लग्न लागलं?"

नाबोरने प्रामाणिकपणे विचार केला. "त्यासाठी रजिस्टर बघावं लागेल," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याने तिच्या निळ्या झग्याकडे पाहिलं, आणि झगा ओळखीचा वाटला. लग्नाचा होता. बाजू उसवून थोडा मोठा केलेला.

"म्हणजे," तो घाईघाईने म्हणाला, "तेच तर सांगतोय. ही बास मी तुझ्यासाठीच केली. आजच्या दिवसाची भेट. म्हणून तर एवढी लपवाछपवी."

ओतिलियाचा चेहरा क्षणभर सैल पडला. पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला विश्वास ठेवायची इच्छा असते. तिने हात पुढे केला. तेवढ्यात दोन इलारियोंनी चष्मा चढवला आणि बास उलटी केली. मागे, नक्षीदार चौकटीत, पटाशीने ठळक कोरलं होतं: नाबोर मेदिना, उस्ताद कारागीर.

ओतिलियाने हात मागे घेतला आणि वडिलांचं ताट वाढलं. मग स्वतःचं वाढलं. मग पातेल्यावर झाकण ठेवलं.

दोन इलारियोंनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "नाव बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढचे दोन शब्द खरवडून काढ. आणि उद्यापासून सकाळी सहाला इथे माझ्या कारखान्यात शिकायला येत जा."

नाबोरचे डोळे भरून आले. पंधरा वर्षांत सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच कारखान्यात बोलावलं होतं.

"उद्यापासून कशाला, बाबा?" ओतिलिया रश्शात भाकरी बुडवत म्हणाली. "तो आजपासूनच येईल. अंथरूण घेऊन."