इंजिनापर्यंत पोचण्याबाबत

यंत्र टिकायचं तर त्याची देखभाल करावी लागते, आणि देखभाल करायची तर यंत्रापर्यंत पोचावं लागतं. यांतलं पहिलं विधान सर्व सुसंस्कृत संस्थांना मान्य असतं. दुसऱ्यासाठी समिती नेमावी लागते. अशा एका समितीचा मी सचिव होतो, हे नम्रपणे नमूद करतो.

साल २०१४. ओमानमधल्या रुसैलला आमच्या कंपनीचा पाण्याच्या टाक्यांचा कारखाना होता, कुरुमला ऑफिस, आणि मस्कतच्या धक्क्यावर एक बत्तीस फुटी बोट. बोट अर्बाबची, म्हणजे मालकांची. पण त्यांना बोट लागत असे, म्हणून ती जनरल मॅनेजर रमण लोटलीकर वापरत. बड्या गिऱ्हाइकांना शुक्रवारी समुद्रावर फिरवून आणणं हा तिचा उद्देश. ती चालवणं आणि तिची निगा राखणं हसन मुकादमांकडे. हे दाभोळचे, वडिलांच्या मच्छीमार लाँचवर डिझेलच्या वासात वाढलेले. इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगत. ऐकण्यावाचून गत्यंतरही नव्हतं, कारण इंजिन दिसत नसे.

ते केबिनच्या लाकडी जमिनीखाली होतं. तिथे जाण्याची अधिकृत पद्धत अशी: सोफ्याच्या अकरा गाद्या काढणे; टीपॉयचे चार स्क्रू सोडवणे; जिन्याच्या पायऱ्या उचलणे; पायऱ्यांमागची फळी काढणे (स्क्रू चौदा, त्यांतला एक कायम हरवलेला); मग डाव्या कुशीवर झोपून उजवा हात खांद्यापर्यंत आत घालणे आणि उरलेलं काम अंदाजाने करणे. २०१३ मध्ये देखभालीवर एकूण त्रेसष्ट तास खर्च झाले. त्यांतले साडेपाच इंजिनाच्या वाट्याला आले. (गाद्या उत्तम स्थितीत होत्या.)

हसनभाईंनी अर्ज केला. अर्ज म्हणजे फिल्टरच्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने काढलेलं चित्र: केबिनच्या जमिनीत दोन फूट बाय दीड फुटाचं दार, दोन बिजागऱ्या, एक कडी. काम एका दुपारचं. कारण त्यांनी तोंडी सांगितलं. समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप अगदी मागच्या अंगाला आहे. त्यात रबराचं छोटं चाक असतं. ते कधीतरी तुटणारच, आणि धक्क्यावरच तुटेल याची हमी नाही.

इतक्या गंभीर विषयावर घाई बरी नव्हे, म्हणून ‘इंजिन सुगम्यता सुधार समिती’ स्थापन झाली. सभासद पाच, अध्यक्ष लोटलीकर. एकानेही इंजिन पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे पूर्वग्रहाचा प्रश्न आला नाही.

नऊ महिन्यांत सात बैठका झाल्या आणि प्रगती समाधानकारक होती. आरसा लावलेली एक काठी घेण्यात आली. तिच्यामुळे इंजिन दिसू लागलं, पण उलटं. मग हसनभाईंची मापं घेतली. खांदे एकोणीस इंच, फट सोळा. तीन इंचांची चूक कर्मचाऱ्याकडे असल्याचं सिद्ध झालं आणि भात कमी करण्याबद्दल त्यांना पत्र गेलं. चौथ्या बैठकीनंतर ‘इंजिन येथे आहे’ अशी तीन भाषांतली पाटी फळीवर बसवली (स्क्रू आणखी दोन). दाराचा प्रस्ताव मात्र मागे पडत राहिला, कारण जमीन सागवानी होती आणि तिच्यावरचा फिकट निळा गालिचा जयवंतीबाईंनी, म्हणजे सौ. लोटलीकरांनी, स्वतः निवडला होता.

इतिवृत्तात मी दर वेळी ‘विचाराधीन’ लिहीत असे. हा शब्द मला चांगला जमतो. प्रत्येक बैठकीनंतर हसनभाई माझ्या टेबलाशी येऊन काय ठरलं ते विचारत. मी इन्शाल्ला म्हणे. ते मान हलवून परत जात. त्यांच्या उजव्या हातावर चटक्यांचे डाग होते. मी त्यांची चौकशी केली नाही, कारण ते विषयपत्रिकेत नव्हते.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी बोटीवर इब्रीचे मोठे व्यापारी अमीनशेठ, लोटलीकर पतिपत्नी, समितीचे आणखी दोन सभासद आणि सँडविच वाटायला मी, असे होतो. सकाळी अकराच्या सुमारास एका खडकाळ बेटाजवळ धोक्याचा भोंगा वाजला. केबिनमध्ये रबर जळल्याचा वास पसरला. हसनभाईंनी इंजिन बंद केलं. वारा बेटाच्या दिशेने होता. नांगर टाकला, पण तळाशी सपाट कातळ. नांगर नुसता घसरत राहिला.

हसनभाईंनी परिस्थिती थोडक्यात सांगितली. पंपाचं चाक गेलं आहे. नवं चाक त्यांच्या खिशात आहे. बसवायला दहा मिनिटं लागतील. पोचायला पावणेदोन तास. खडक वीस मिनिटांवर आहेत.

लोटलीकरांनी वायरलेसवरून मदत मागितली. मदतीची बोट निघाली, पण तिला पाऊण तास लागणार होता. मग त्यांनी सभासदांकडे पाहिलं. गणसंख्या पुरी होती. सवयीने मी खिशातलं पेन काढलं.

“हसन, दुसरा काही मार्ग?”

“तेच तर नऊ महिने विचारतोय, साहेब.” हसनभाईंनी आवाज चढवला नाही.

अमीनशेठ डोळे मिटून पुटपुटत होते. जयवंतीबाईंनी एकदा खिडकीतून खडकांकडे पाहिलं, गुडघ्यांवर बसल्या आणि गालिच्याचं टोक धरून ओढू लागल्या. तो चिकटवलेला होता. त्यांची दोन नखं तुटली.

“कुठे घाव घालायचा तिथे घाला, हसनभाई,” त्या म्हणाल्या. “मी टीपॉय धरते.”

आगीसाठी ठेवलेली कुऱ्हाड हसनभाईंनी उचलली. एकूण अकरा घाव. फळ्या उचकटून ते पालथे झोपले, दोन्ही हात आत सोडले आणि क्षणभर थांबले. वर्षानुवर्षं फोनवर बोललेल्या माणसाला पहिल्यांदा समोर पाहावं, तसे. मग नऊ मिनिटांत चाक बसलं. त्यात त्यांचं मनगट चांगलंच भाजलं. इंजिन सुरू झालं तेव्हा खडकाला चिकटलेले शिंपले वेगवेगळे दिसत होते.

परतताना लोटलीकर हसनभाईंच्या मनगटावर गार पाणी ओतत बसले होते. मला लाज वाटत होती. यांतल्या कशाचीही कागदोपत्री नोंद नाही.

आठव्या बैठकीत समितीने उद्दिष्टपूर्तीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. सोळा इंचांवरून दोन फूट, म्हणजे सुगम्यतेत पन्नास टक्के वाढ. हसनभाईंना दोन पत्रं देण्यात आली: जीव वाचवल्याबद्दल प्रशस्तिपत्र आणि पूर्वपरवानगीशिवाय कंपनीच्या मालमत्तेला भोक पाडल्याबद्दल ताकीद. जावक क्रमांक एकच, कारण घटना एकच. हसनभाईंनी दोन्ही सावकाश वाचली.

“दोन्ही तुमीच टाइप केलीत?”

मी हो म्हणालो. त्यांनी पत्रं नीट जुळवून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. महिनाभराने ते एका मच्छीमार लाँचवर कामाला लागले. तिथलं इंजिन उघड्यावर आहे, येताजाता नडगीला लागतं, असं त्यांनी फोनवर फार समाधानाने सांगितलं.

आमच्या बोटीतल्या भोकाला पितळी बिजागऱ्यांचं दार बसलं. फीत कापून उद्घाटन झालं. दोन महिन्यांनी एका पाहुण्याच्या अंगठ्याला बिजागरी लागली, म्हणून त्यावर नवा गालिचा आला. गालिचा सरकू नये म्हणून त्यावर टीव्हीचं स्टँड आलं. स्टँड हलू नये म्हणून स्क्रू आले. जयवंतीबाई पुन्हा बोटीवर आल्या नाहीत.

हे वाचून आपल्याला हसनभाईंबद्दल आदर आणि आमच्याबद्दल हसू वाटलं असेल. दोन्ही योग्य आहे. आता एक विनंती. उठा, आणि आपल्या घरातली पाण्याची मुख्य चावी बंद करून दाखवा. ती कुठे आहे हे घरात कोणाला ठाऊक असेल, तर त्याला विचारा. मॉड्युलर किचन करताना ती कोणत्या कपाटामागे गेली, हे सुताराला फोन करून विचारा. आधी डबे काढा, मग मांडण्या, मग फ्रिज सरकवा.

घाई नाही. आम्ही थांबतो. पाणी थांबेल असं नाही.