किटेरियामाईची न कोमेजणारी डहाळी

किटेरियामाईच्या पायाची जखम तीन महिने भरत नव्हती आणि म्हातारी दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती. आरोग्यसेविका एडिलेने दर मंगळवारी तिच्या ओसरीवर जायची, कॉफी प्यायची आणि हात हलवत परत यायची.

"माई, साखर वाढलीय तुमची. अशानं पाय कापावा लागेल."

"साठ वर्षं गावाची दृष्ट काढतेय मी. आता मीच डॉक्टरकडे गेले तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

नवे डॉक्टर तार्सिझियो उत्साही होते. "लोक आधी माईकडे जातात ना? मग माईलाच आपल्यात घेऊ," ते म्हणाले. माईनं दृष्ट काढावी आणि दुखणं खरं वाटलं तर माणूस दवाखान्यात धाडावा, असं ठरलं. माईची कसोटी जुनी होती. प्रार्थना म्हणताना हातातली सतापाची डहाळी कोमेजली, तर दृष्ट होती आणि ती निघाली. नाही कोमेजली, तर दुखणं डॉक्टरचं.

पण ब्राझीलमधल्या कोरड्या सेआरा प्रांतातलं ऊन ते! प्रार्थना अर्धी होते न होते तोच सताप मान टाकायचा. महिनाभरात माईकडून दवाखान्यात एकच माणूस आला, तोही रस्ता चुकून.

एडिलेनेनं मग शक्कल लढवली. जुआझेरोचं झाड भर दुष्काळातही हिरवंगार असतं. त्याच्या डहाळ्यांची जुडी तिनं माईच्या ओसरीवर नेऊन ठेवली. माईची नजर अधू, तिला काय कळतंय?

"अंगणातला सताप वाळलाय माई. हा ताजा आणलाय."

माईनं जुडी चाचपली आणि गुमान ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अकरा माणसं आली. तिसऱ्या दिवशी चाळीस. कुणाला उचकी, कुणाला वाईट स्वप्नं, दोघांना मात्र खरोखरच चढलेलं ब्लडप्रेशर. चौथ्या दिवशी फिर्मिनो शेळी घेऊन आला.

"हिच्यावरही डहाळी कोमेजली नाही, डॉक्टर. माई म्हणाली, तुमचीच केस."

डॉक्टरांना जेवायलाही उसंत मिळेना. "एडिलेने, गावाला झालंय तरी काय?" त्यांनी विचारलं. आज खरं सांगूनच टाकू, असं एडिलेनेनं ठरवलं. तेवढ्यात रांग एकदम गप्प झाली.

दारात काठी टेकत किटेरियामाई उभी होती. हातात टवटवीत डहाळी.

"सकाळपासून माझ्याच पायावर प्रार्थना म्हणतेय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एक पान कोमेजेना. आता डॉक्टरचं दुखणं डॉक्टरला नको का दाखवायला?"

"खरंय, खरंय," म्हणत लोकांनी वाट दिली. फिर्मिनोनं शेळी बाजूला ओढली.

डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं सुरू केली. "पाय वाचेल," ते म्हणाले, आणि एडिलेनेचे डोळे भरून आले.

माईला घरी सोडताना एडिलेनेला राहवलं नाही. "माई, चुकले मी. त्या डहाळ्या..."

"सतापाला काटे कधीपासून फुटले गं?" माईनं टोचलेली बोटं तिच्या नाकासमोर धरली. "डोळे गेलेत माझे, बोटं नाहीत गेली."

एडिलेने जागच्या जागी थबकली. "मग अख्खं गाव उगाच कशाला पाठवलंत? डॉक्टर पार मेटाकुटीला आलेत!"

"एकटी गेले असते," माई म्हणाली, "तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. आता सगळं गावच रांगेत, मला हसणार कोण?"